‘द लाइव्ह्ज ऑफ बीज’ : वाचलेलं आणि वगळलेलं

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

आजचं पुस्तक म्हणजे थॉमस सीली यांचं ‘द लाइव्ह्ज ऑफ बीज’. २०१९ साली प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. सीली हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘हनीबी डेमोक्रसी’ हे त्यांचं आधीचं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. जुन्या पोळ्यातून बाहेर पडलेला थवा नवं घर एकमताने कसा निवडतो, त्याबद्दलचं. माणूस शास्त्रज्ञ आहे आणि लेखकही आहे. दोन्ही एकत्र फार वेळा सापडत नाही.

पुस्तकाची स्तुती करायला मी उभा नाही. स्तुती भरपूर झाली आहे, आणि ती योग्यच आहे. मला बोलायचंय ते या पुस्तकाचं पुढे काय झालं याबद्दल. कारण पुस्तक न वाचताच त्यातलं एक मत आपल्याकडे पोचलं आहे. मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेऊन आलेली तरुण मुलं ते मला ऐकवतात, व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरतं. मत असं, की माइटसाठी औषध वगैरे काही करू नका, पेटी उघडू नका, माश्यांचं त्या बघून घेतील. जंगलात कोण औषध देतं? अमेरिकेतल्या एका मोठ्या प्राध्यापकाने हे सिद्ध केलंय.

तर मग प्राध्यापकांनी काय सिद्ध केलंय ते आधी पाहू.

माइट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्या. व्हरोआ हा कोळी-गोचिडांच्या कुळातला परजीवी. लालसर तपकिरी, चपटा, रुंदीला दीड मिलिमीटरच्या आसपास. माशीच्या मानाने हा आकार प्रचंड आहे. आपल्या अंगावर वाटीएवढी गोचीड बसली आहे अशी कल्पना करा. माशीच्या पोटाखालच्या पट्ट्यांच्या फटीत तो घुसून बसतो. रक्त पितो असं वर्षानुवर्षं लिहिलं जायचं. २०१९ साली सॅम्युएल रॅमझी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो मुख्यतः माशीच्या शरीरातला चरबीचा ऊतक खातो. आपल्या यकृताचं जे काम, त्यातलं बरंचसं माशीत हा ऊतक करतो. वर तो पंख वाकडे करणारा विषाणू एका माशीकडून दुसरीकडे नेतो. वसाहत मरते ती बहुतेक वेळा या विषाणूमुळे.

पण माइट वाढतो कुठे? बंद घरात. अळीचं घर मेणाने बंद होण्याच्या जरा आधी मादी माइट आत शिरते, आणि झाकणाआड अंडी घालते. आपले मधपाळ ज्याला पिलावा म्हणतात, म्हणजे अंडी, अळ्या, कोष, तो असेल तेव्हा पेटीतले बहुतेक माइट झाकणाखालीच असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पेटी उघडून नुसतं बघितलं आणि “माझ्या पेटीत काही नाही” म्हटलं, तर त्याला काही अर्थ नसतो. तो दिसत नाही, कारण त्याचं राहणंच तसं आहे.

आता सीलींच्या जंगलाकडे.

न्यूयॉर्क राज्यात इथाका गावाजवळ आर्नॉट फॉरेस्ट नावाचं कॉर्नेल विद्यापीठाचं जंगल आहे. १९७८ साली सीलींनी तिथे झाडांच्या ढोलीतल्या रानटी वसाहती शोधल्या. पद्धत जुनी आणि सुंदर आहे. फुलांवरच्या माश्या पकडायच्या, साखरपाणी पाजायचं, खूण करून सोडायच्या, त्या कोणत्या दिशेला उडतात आणि किती मिनिटांनी परततात ते टिपायचं, आणि त्या रेषेवर पुढेपुढे सरकत झाड गाठायचं. जंगलाच्या पश्चिमेकडच्या भागात त्यांना नऊ वसाहती सापडल्या. साधारण एका चौरस किलोमीटरला एक.

१९८७ साली व्हरोआ अमेरिकेत सापडला, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इथाकाला पोचला. त्यांच्या स्वतःच्या पेट्यांतल्या वसाहती मेल्या. रानातल्याही संपल्या असणार, असंच सगळे धरून चालले होते. २००२ साली ते पुन्हा त्याच भागात गेले. सापडल्या आठ. त्या जंगलातल्या वसाहतींतही माइट होते आणि तरी त्या जिवंत होत्या.

नऊ आणि आठ. वाचकाच्या डोक्यात हेच दोन आकडे घट्ट बसतात. आणि इथेच पहिली गफलत होते. नऊ आणि आठ हे आकडे शेजारी ठेवले की मधल्या चोवीस वर्षांत काही झालंच नाही असं वाटतं. रोग आला, माश्यांनी बघून घेतलं, संपलं. प्रत्यक्षात काय झालं? ते कळलं वेगळ्याच वाटेने. १९७७ साली त्या परिसरातल्या माश्या पकडून संग्रहालयात ठेवलेल्या होत्या. अलेक्झांडर मिखेयेव्ह, सीली आणि इतरांनी त्या जुन्या माश्यांचा डीएनए २०१० सालच्या माश्यांशी ताडून पाहिला. २०१५ साली तो निबंध आला. आईकडून मुलीकडे उतरणाऱ्या वंशरेषा असतात ना, त्यांतल्या बहुतेक गायब झालेल्या होत्या. म्हणजे मधल्या काळात तिथे राण्यांची घराणीच्या घराणी बुडाली. थोड्या वाचल्या, त्यांच्यापासून जंगल पुन्हा भरलं.

हे सगळं पुस्तकात आहे. सीलींनी काहीही लपवलेलं नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण पुस्तकाचा सूर कोणता आहे? दुसऱ्या प्रकरणाचं नावच सांगतं की माश्या अजून जंगलात आहेतच. मग घरटं, ऋतुचक्र, थव्यांचं निघणं, अन्न गोळा करणं, थंडीत ऊब राखणं, अशी एकाहून एक सरस प्रकरणं. वसाहतीच्या संरक्षणाचं प्रकरण, जिथे या माइटचा सविस्तर हिशोब आहे, ते येतं दहावं. तोवर वाचक त्या जंगलाच्या प्रेमात पडलेला असतो. प्रेमात पडलेल्या माणसाला तुम्ही मृत्यूचे आकडे दिले तर तो ते वाचतो, पण त्याच्या मनात राहत नाहीत. ही माझी या पुस्तकावरची मुख्य तक्रार. माहितीत खोट नाही, मांडणीचा झुकाव एका बाजूला आहे.

दुसरी तक्रार त्या प्रसिद्ध प्रयोगाबद्दल. रानातलं घरटं लहान असतं, चाळीसेक लिटरचं. मधपाळाची पेटी त्याच्या कित्येक पट. म्हणून लॉफ्टस, स्मिथ आणि सीली यांनी दोन गट केले. एका गटाला ४२ लिटरच्या लहान पेट्या, आणि वसाहत फुटू द्यायची. दुसऱ्याला १६८ लिटरपर्यंतच्या मोठ्या पेट्या, आणि फुटू द्यायची नाही, जसं व्यवसायात करतात. दोन वर्षं पाहिलं. लहान पेट्यांतल्या वसाहती जास्त वेळा फुटल्या, त्यांच्यात माइटचं प्रमाण कमी राहिलं, रोग कमी झाला, जगल्याही जास्त. कारण पटण्यासारखं आहे. थवा निघून जातो तेव्हा माश्यांबरोबर बरेच माइटही जातात, आणि मागे राहिलेल्या वसाहतीत नवी राणी अंडी घालू लागेपर्यंत पिलावा थांबतो. माइटला वाढायला घर मिळत नाही.

आता कोणी म्हणेल, मग लहान पेट्या करू या. थांबा. प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत, पेटीचा आकार आणि फुटण्याची मोकळीक. कोणत्या गोष्टीने किती फरक पडला, ते या रचनेतून वेगळं काढता येत नाही. आणि मध? लहान पेटीत मध साठवायला जागाच नाही. सीलींना त्याची फिकीर नाही, कारण त्यांचा प्रश्न माश्या जगतात कशा हा आहे. बियाण्याच्या कांद्याला, डाळिंबाला, सूर्यफुलाला पेट्या भाड्याने देणाऱ्या आपल्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे. त्याची वसाहत ऐन हंगामात फुटली तर अर्ध्या माश्या गेल्या, आणि शेतकरी विचारणार की मी पैसे कशाचे दिले.

बरं, आता ते वगळलेलं पान.

२०१७ साली सीलींनी ‘अमेरिकन बी जर्नल’मध्ये एक लेख लिहिला. डार्विनी मधमाशीपालन असं त्या विचाराचं नाव. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्याच विचाराचं. त्यात मधपाळाला सूचना आहेत. आपल्या हवामानाला जुळलेल्या माश्या ठेवा, पेट्या एकमेकींपासून लांब ठेवा, पेटी लहान ठेवा, आतल्या भिंती खडबडीत ठेवा म्हणजे माश्या त्यावर राळ लावतील. सगळ्यात शेवटी सूचना येते की व्हरोआवर उपचार करू नका. हेच वाक्य जगभर फिरलं.

त्या सूचनेला लागूनच एक इशारा आहे. मोठा आणि स्पष्ट. तो माझ्या शब्दांत सांगतो. हे फक्त अत्यंत काटेकोर मधपाळाने करायचं. वसाहतीतले माइट नियमित मोजायचे. जिथे आकडा झपाट्याने चढताना दिसेल, ती वसाहत कोसळण्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या हाताने मारून टाकायची. मारवत नसेल, तर तिच्यावर उपचार करा आणि राणी बदलून प्रतिकारक्षम वंशाची द्या. दोन्हीपैकी काहीच केलं नाही, तर तुमच्या चांगल्या वसाहतीही बुडतील, शेजाऱ्याच्याही बुडतील.

ऐकलंत ना? उपचार नको म्हणणारा माणूस सांगतोय की मोजा, आणि गरज पडली तर मारा. “पेटी उघडू नका” हे त्याने कुठेही म्हटलेलं नाही. डार्विनचं नाव घ्यायचं तर निवड कुणीतरी करायला हवी. जंगलात ती मृत्यू करतो. मधपाळाच्या अंगणात ती मधपाळाने करायची, आणि मोजल्याशिवाय तो निवडणार कशावरून?

शेजाऱ्याचा मुद्दा जरा खोलात घेऊ या. कारण “माझी पेटी, माझा प्रयोग” असं म्हणणारे भेटतात. माइटने खिळखिळी झालेली वसाहत स्वतःच्या मधाचं रक्षण करू शकत नाही. मग दोन-तीन शेतांपलीकडची जोमदार वसाहत तिला लुटायला येते. लुटारू माश्या मध घेऊन जातात आणि मधाबरोबर अंगावर माइट घेऊन जातात. डेव्हिड पेक आणि सीली यांनी २०१९ साली हे प्रयोगाने दाखवलं. गंमत बघा, शिक्षा होते ती बलवान वसाहतीला, जिच्या मालकाने सगळं नीट केलेलं असतं. रानात घरटी किलोमीटरभर अंतरावर असतात, म्हणून हे कमी घडतं. आपल्याकडे फुलोऱ्याच्या मागे पेट्या हलतात तेव्हा एका शेतात पन्नास-शंभर पेट्या हातहात अंतरावर मांडलेल्या असतात. तिथे सोडून देणं ही खासगी बाब राहत नाही.

आणि मृत्यू किती? माइट आला त्या वर्षांत सीलींच्या जंगलात तो कुणी मोजला नाही. स्वीडनच्या गोटलँड बेटावर मोजला. इंगेमार फ्रिस आणि सहकाऱ्यांनी तिथे १५० वसाहती ठेवल्या, माइट सोडले आणि उपचार बंद. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी हिवाळ्यातली मर ७६ आणि ५७ टक्के. पाचव्या आणि सहाव्या वर्षी ती १३ आणि १९ टक्क्यांवर उतरली. म्हणजे निवड खरंच काम करते, यात वाद नाही. पण मधली दोन वर्षं ज्याने काढायची, त्याने कर्ज काढून दहा पेट्या घेतल्या असतील तर? विद्यापीठाच्या खर्चाने वसाहती मरणं आणि घरच्या खर्चाने मरणं यात फरक आहे, आणि या फरकाबद्दल पुस्तक जवळजवळ गप्प आहे.

आता आपल्याकडे येऊ. इथे गोष्ट आणखी मजेदार होते, कारण व्हरोआ मुळात आपल्या बाजूचाच. सातेरी ज्या जातीची माशी आहे, एपिस सेराना, ती या माइटची मूळ यजमान. १९०४ साली त्याचं पहिलं वर्णन झालं तेच जावा बेटावरच्या सेराना माशीवरून. युरोपीय माशीवर, म्हणजे मेलीफेरावर, जो हाहाकार माजवतो तो त्याचा भाऊबंद. २००० साली त्याला वेगळी जात ठरवून ‘डिस्ट्रक्टर’ नाव दिलं गेलं. सातेरीने या पाहुण्याबरोबर हजारो वर्षं काढलीत. तिच्या पोळ्यात तो फक्त नरांच्या घरांत नीट वाढतो. कामकरी माश्या अंगावरचे माइट काढतात, बाधित पिल्लू ओढून बाहेर टाकतात. नराचं पिल्लू फारच पोखरलं गेलं तर त्याला घराचं जाड झाकण उघडताच येत नाही, आणि ते आतल्या माइटसकट तिथेच गाडलं जातं. सीलींच्या माश्या जे विशीत-तिशीत शिकू लागल्या, त्यात सातेरी मुरलेली आहे.

म्हणून महाबळेश्वरच्या बाजूचा एखादा जुना मधपाळ म्हणाला की मी आयुष्यात माइटला औषध दिलं नाही, तर तो खरं बोलतोय. त्याच्याकडे सातेरी आहे. सातेरीची मोठी संकटं वेगळी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात तिला झोडपलं ते थाई सॅकब्रूड या विषाणूने, माइटने नव्हे. पण त्या मधपाळाचं वाक्य उचलून मेलीफेराच्या पेटीला लावायचं, आणि वर सीलींचं नाव जोडायचं, यात दोन वेगळ्या माश्या आणि दोन वेगळी जंगलं एका पोत्यात भरली जातात.

आणि मेलीफेराला इथे आणखी एक शत्रू आहे, जो इथाकाच्या जंगलात नाही. ट्रॉपिलिलॅप्स. हा आग्या माशीचा माइट. व्हरोआहून लहान, लांबट, पोळ्यावर सुरसुर पळणारा, आणि वाढीचा वेग व्हरोआपेक्षा जास्त. सीलींनी आपल्या जंगलाबद्दल लिहिलं, तेव्हा त्यात हा नसणार, त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. दोष आपला, जे ते पुस्तक जसंच्या तसं सह्याद्रीत आणतात. ट्रॉपिलिलॅप्सची एक दुबळी बाजू आहे. मोठ्या माशीवर त्याला नीट खाता येत नाही, पिलाव्याशिवाय तो दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. राणीला काही काळ पिंजऱ्यात ठेवून पिलावा तोडला तर तो मोडतो. इथाकात सहा महिने थंडी, राणी आपोआप थांबते. आपल्याकडे बहुतेक भागांत राणी वर्षभर थोडीफार अंडी घालतच असते. म्हणजे निसर्ग जो खंड तिकडे फुकट देतो, तो इथे मधपाळाला घडवून आणावा लागतो. सोडून देऊन तो मिळत नाही.

मग मोजायचं कसं? समीक्षेत हे बसत नाही, पण एवढं बोलून हे न सांगता गेलो तर तुम्ही मला सोडणार नाही. पिलाव्याच्या चौकटीवरच्या साधारण तीनशे माश्या घ्यायच्या, अर्धा कप भरतात. राणी त्यात नाही हे दोनदा बघायचं. बरणीत अल्कोहोल किंवा साबणाचं पाणी, मिनिटभर हलवायचं, जाळीतून गाळायचं, खाली पडलेले माइट मोजायचे. नऊ निघाले तर शंभर माश्यांमागे तीन. अमेरिकेत साधारण दोन-तीनच्या वर गेलं की हालचाल करतात. तोच आकडा आपल्या पावसाळ्याला लागू करायचा का, हे इथल्याच नोंदींनी ठरवावं लागेल, आणि त्यासाठी आधी नोंदी हव्यात. एक महिना, मग पुढचा महिना, वहीत, पेटीच्या नंबरासह.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. तीनशे माश्या मारायच्या? आपल्याकडे पेटीतलं मधमाशीपालन खादी-ग्रामोद्योगाच्या वाटेने गावोगाव गेलं. धूर करून पोळं जाळण्याऐवजी माशी न मारता मध काढायचा, हा त्याचा अभिमान होता. त्या संस्कारात वाढलेल्या मधपाळाचा हात अल्कोहोलच्या बरणीपाशी थबकतो. त्याला वेड्यात काढू नका. त्याला पिठीसाखरेची पद्धत आहे. माश्यांवर साखर भुरभुरायची, घोळवायच्या, माइटची पकड सुटते, ते जाळीतून खाली पडतात, माश्या पेटीत परत. आकडा जरा कमी भरवशाचा, आणि पावसाळ्यात साखरेचे गोळे होतात. तरी न मोजण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि ज्याला हिशोबच हवा त्याने एवढं बघावं, की जोमात असलेली मेलीफेराची राणी दिवसाला हजाराच्या वर अंडी घालते.

एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर. “ही बरणीची पद्धत ट्रॉपिलिलॅप्सलाही चालते का?” चांगला प्रश्न. नीट चालत नाही. तो मोठ्या माश्यांवर फारसा नसतोच, त्यामुळे बरणीत शून्य आला तरी पेटी भरलेली असू शकते. त्याला बंद पिलावा उकलून बघावा लागतो. किंवा माश्या झटकून पिलाव्याची चौकट पांढऱ्या ताटावर जोरात आपटायची आणि ताटात काही पळतंय का ते बघायचं. उन्हात बघा, चष्मा असेल तर लावा.

अजून एक आहे. “मग सीलींचं पुस्तक वाचावं की नाही?” वाचा. माझी प्रत तुम्हाला देतो, परत करायच्या अटीवर. फक्त शेवटचं प्रकरण आधी वाचा, मग दहावं, आणि मग पहिल्यापासून सुरू करा.